बाहेरची धार

बर्फावरचं स्केटिंग शिकताना सुरुवातीचा सगळा काळ मी पात्याच्या आतल्या धारेवर काढला आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. बर्फावर हे सहज खपून जातं. पुढे जायला पाय रेटायचा तो आतल्या धारेनं. स्नो-प्लाउ करून, म्हणजे टाचा बाहेर फाकवून थांबायचं तेही आतल्याच धारांनी. वळायचं झालं तर दोन्ही पाय टेकलेले ठेवून ऐसपैस वळसा मारायचा. इथे कॅनडात, ओटावात पब्लिक स्केटिंगला येणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षं असेच फिरतात आणि मजेत असतात. माझंही तसंच चाललं असतं. पण मुलाच्या आइस हॉकीच्या सरावाला भल्या पहाटे रिंकच्या बाकावर कुडकुडत बसण्यापेक्षा आपणही खेळावं, असं मनात आलं आणि प्रौढांच्या हॉकी स्केटिंगच्या वर्गात नाव घातलं. वय चाळिशीपुढचं, भांडवल म्हणाल तर लहानपणी पुण्यात चार चाकांचे रोलर स्केट्स चालवल्याचा आत्मविश्वास. चार चाकांवर पाय कसाही ठेवला तरी उभा राहतो, ही गोष्ट तेव्हा हिशेबात नव्हती.

वर्गाचा कोच विशीतला पोरगा. त्यानं सगळ्यांना फेस-ऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करण्यासाठी बर्फावर आखलेल्या वर्तुळावरून डावीकडे फिरायला लावलं आणि मग शांतपणे म्हणाला, ‘आता उजवा पाय उचला.’ आम्ही सगळ्यांनी उचलला आणि सगळ्यांनी लगेच खाली ठेवला. तो हसला नाही. त्याला हे रोजचं असणार.

हॉकी स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं. तळाशी ते सपाट नसतं. धार लावणारा त्यात लांबीच्या दिशेनं एक उथळ पन्हळ कोरतो. त्या पन्हळीचे दोन काठ म्हणजे दोन धारा. अंगठ्याच्या बाजूची आतली, करंगळीच्या बाजूची बाहेरची. शिवाय पातं टाचेपासून चवड्यापर्यंत किंचित गोलाईदार असतं, त्यामुळे एका वेळी त्याचा थोडाच भाग बर्फाला टेकतो. पाय कलला की एक धार रुतते आणि त्या गोलाईमुळे पातं आपोआप वळायला लागतं. दोन पाय, दोन धारा, पुढे आणि मागे, अशा एकूण आठ शक्यता. त्यातल्या पुढच्या दोन आतल्या मला येत होत्या. बाकीच्या सहांशी ओळख नव्हती.

डाव्या पायाच्या आतल्या धारेवर आपण उजवीकडे वळतो. शरीर उजवीकडे कललेलं असतं आणि उजवा पाय त्याच बाजूला मोकळा असतो. तोल गेलाच तर तो टेकवायचा, संपलं. बाहेरच्या धारेवर हे सगळं उलटं होतं. डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर आपण डावीकडे वळतो, शरीर डावीकडे कलतं आणि तिकडे काहीच नसतं. उजवा पाय असतो, पण वर्तुळाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे त्याचा काडीचाही उपयोग नाही. डावीकडे फक्त बर्फ. शरीराला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ते स्वतःच ठरवतं की तिकडे कलायचं नाही.

मग ते लबाडी करतं. माझ्या शरीराची लबाडी अशी होती: घोटा बाहेर वळवायचा, पण कंबर होती तिथेच ठेवायची. धार रुतते, पाय डावीकडे पळतो, शरीर मात्र सरळ जात राहतं, आणि क्षणात आपण वर्तुळाच्या बाहेर, उजवीकडे फेकले जातो. तिथे उजवा पाय तयारच असतो. टेकवला की वाचलो. चूक होते, पण पडायला होत नाही, म्हणून माणूस ती हजार वेळा करू शकतो. मी तेच करत होते. वर ‘आज थोडा वेळ टिकले’ असं घरी सांगतही होते.

दुसरी तऱ्हा खांद्याची. कोच म्हणाला ‘झुक’, की मी डावा खांदा खाली टाकायची. खांदा खाली गेला की त्याची भरपाई म्हणून खुबा उलट दिशेला, बाहेर जातो. मग पायाखालचं पातं सपाट होतं, धार सुटते आणि माणूस डाव्या खुब्यावर दाणकन आपटतो. हॉकीच्या पॅड लावलेल्या पँटीचं महत्त्व मला त्या आठवड्यांत पटलं. पब्लिक स्केटिंगला ती घालून जायला संकोच वाटतो, म्हणून मी ट्रॅकपँटच्या आत पॅडवाली शॉर्ट्स चढवायला लागले. कोपराचे आणि गुडघ्याचे पॅडही. नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, ‘युद्धाला निघालीस?’ त्याला सांगितलं की तू ये, पाच मिनिटं उभा राहा, मग बोलू. तो आला नाही.

कोचनं आमच्या हातातल्या स्टिक काढून घेतल्या, हे फार बरं केलं. स्टिक हा नवशिक्याचा तिसरा पाय असतो. तिच्यावर भार टाकून आपण उभे आहोत हे आपल्याला कळत नाही, कोचला कळतं. स्टिक गेल्यावर पहिल्यांदा आम्ही कठड्याशी सराव केला. डावीकडे कठडा, हातभर अंतरावर उभं राहायचं, डाव्या हातानं नुसता आधार घ्यायचा आणि खुबा कठड्याकडे न्यायचा. खांदे बर्फाशी समांतर ठेवायचे. गुडघा वाकलेला. मग उजवा पाय उचलून डाव्याच्या पुढून पलीकडे आणायचा. जागच्या जागी. हे करताना पहिल्यांदा करंगळीखाली वजन आल्याचं जाणवलं. त्या जागी एरवी कधी काही जाणवत नाही. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला एक स्नायू आहे याचा पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना लागला.

घरीही उद्योग सुरू झाले. दात घासताना एका पायावर, पोळ्या लाटताना डाव्या पायावर, चहा उकळेपर्यंत उजव्या. डोळे मिटून एका पायावर उभं राहणं किती अवघड आहे ते करून बघा. याचा बर्फावर थेट उपयोग किती झाला ते सांगता येणार नाही. घोटे मात्र कमी थरथरायला लागले.

जागच्या जागी जमायला लागलं, तरी फिरताना काही केल्या जमेना. मी जास्त सावध झाले, म्हणजे जास्त हळू जायला लागले. हळू गेलं की सोपं होईल, असा माझा समज. व्यवसायानं इंजिनिअर असूनही हे गणित कागदावर मांडायला मला बरेच आठवडे लागले. फेस-ऑफच्या वर्तुळाची त्रिज्या १५ फूट, म्हणजे साधारण ४.६ मीटर. त्या रेषेवरून चालण्याच्या वेगानं, ताशी ५ किलोमीटरनं गेलं, तर शरीर उभ्या रेषेपासून जेमतेम अडीच अंश कलू शकतं. त्याहून जास्त कललं की पडणार. ताशी ११ किलोमीटरला हाच कल सुमारे १२ अंश होतो आणि ताशी १८ ला २९ अंशांच्या आसपास. म्हणजे माझ्या सावध वेगाला कलायला जागाच नव्हती. मी धारेवर जाऊ पाहत होते आणि वेग मला सपाट पात्यावर परत ढकलत होता. मी थोडं हळू गेले असते तर आणखी वाईट झालं असतं.

कोचला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मी तेच सांगतोय कधीपासून. जोरात ये आणि खुबा आत टाक. तोलाचं नंतर बघू.’ त्याला अंश-बिंश काही लागले नाहीत.

जोरात यायचं म्हणजे काय, तर वर्तुळाच्या रेषेवर डावा पाय ठेवायचा आणि उजव्या पायाच्या आतल्या धारेनं स्कूटरला किक मारावी तसं रेटत राहायचं. डावा पाय रेषेवरून हलवायचा नाही. दोन-तीन रेटे मारून वेग आला की उजवा पाय उचलायचा, डाव्याजवळ आणून धरायचा आणि नजर वर्तुळाच्या मध्यावर ठेवायची. नजर हा यातला अर्धा खेळ आहे. पायांकडे बघितलं की मान खाली जाते, मानेबरोबर खांदा जातो आणि खांद्यामागे सगळंच. मध्यभागी तो लाल ठिपका असतो, त्याच्याकडे बघत राहिलं की छाती आपोआप आत वळते. डावा हात थोडा मागे, उजवा पुढे, जणू स्टिक धरलेली आहे. गुडघा तुम्हाला वाटतो त्याहून खोल. मी गुडघा ‘वाकवलाय’ म्हणायची तेव्हा कोच फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवायचा. त्यात मी लिफ्टची वाट पाहत असल्यासारखी ताठ उभी असायची.

खरी शिकवणी बर्फानंच केली. झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, गरम पाण्याचा पातळ थर सोडून गेली की बर्फ काही मिनिटं काचेसारखा असतो आणि त्यावर प्रत्येक पात्याची रेघ उमटते. पातं सपाट टेकलं असेल तर दोन समांतर बारीक रेघा दिसतात, कारण दोन्ही धारा टेकलेल्या असतात. एकाच धारेवर असाल तर एकच रेघ. त्यामुळे वाद घालायला जागा राहत नाही. पहाटेच्या सत्रात मी सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरायची, एक वर्तुळ मारायची आणि मागे वळून आपलीच रेघ वाचत जायची. सुरुवातीला दोन रेघा, मधे कुठे हातभर एकच, पुन्हा दोन. हळूहळू एकेरी रेघेचा तुकडा लांबत गेला. पाय काय सांगतोय यापेक्षा रेघ काय सांगते यावर भरवसा ठेवायचं मी तिथे ठरवलं, कारण पाय फार बढाया मारतो.

त्याच सत्राला शेजारच्या अर्ध्या भागात फिगर स्केटिंग करणाऱ्या लहान मुली असायच्या. त्यांचा पहिलाच सराव लांबलचक अर्धवर्तुळांचा: एका पायाच्या बाहेरच्या धारेवर अर्धवर्तुळ, मग दुसऱ्या पायाच्या. घाई नाही, आवाज नाही. आमचा हॉकीवाल्यांचा घोळका मात्र खरडत, धापा टाकत फिरायचा. धारांवरचं स्केटिंग फिगर स्केटिंगवाल्यांकडूनच शिकावं, हे हॉकीच्या जगालाही केव्हाच कळलेलं आहे. बार्बरा अंडरहिल ही कॅनडाची फिगर स्केटर. १९८४ साली इथे ओटावातच पॉल मार्टिनीबरोबर जोडीच्या प्रकारात ती जगज्जेती झाली. पुढे तिनं एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमधल्या खेळाडूंना स्केटिंग शिकवलं, त्यात टोरांटो मेपल लीफ्स हा संघ आलाच. हे वाचल्यावर मी लाज सोडली आणि त्या मुलींची नक्कल करायला लागले. त्यातल्या एकीनं, आठ-नऊ वर्षांची असेल, येऊन मला सांगितलं की माझा मोकळा पाय फार फडफडतो. बरोबर होतं तिचं.

उघड्यावरच्या बर्फाची तऱ्हा वेगळी. ओटावात हिवाळ्यात वस्तीवस्तीत स्वयंसेवक रात्री पाणी मारून रिंक तयार करतात. फुकट, मोकळे आणि आमच्या घरापासून चालत जाण्यासारखे. पण उणे वीसला बर्फ दगडासारखा कडक होतो, धार रुतायला तयार नसते, वर भेगा आणि खडबडीतपणा. तिथे मी बाहेरची धार शिकण्याचा नाद सोडला. तिथे वेग कमवायचा आणि तोल बंदिस्त रिंकमध्ये कमवायचा, अशी वाटणी केली. गोठलेल्या रिडो कालव्यावरचा ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा रस्ता तर या कामाला अजिबात उपयोगी नाही. सगळा सरळसोट आणि तिथे हॉकी खेळायला मनाईच आहे. तो फिरायला आणि बीव्हरटेल ही तळलेली गोड पोळी खायला. तोही भरवशाचा राहिलेला नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात थंडी पुरेशी पडली नाही म्हणून तो उघडलाच नाही, आणि असं पहिल्यांदाच झालं.

मधे काही आठवडे सगळं पुन्हा बिघडलं. डावा पाय बरा चालला होता तो अचानक धारेवरून सटकायला लागला. मी गुडघा, खुबा, नजर, सगळं तपासलं. शेवटी कोचनं स्केट हातात घेतला, उलटा धरला, पात्यावर आडवं एक नाणं ठेवलं आणि टाचेच्या बाजूनं बघितलं. नाणं पात्याला काटकोनात बसायला हवं. ते एका बाजूला झुकलेलं होतं. म्हणजे एका दुकानात नुकतीच धार लावून घेतली होती, तिथे बाहेरची धार आतल्या धारेपेक्षा खाली राहिली होती. यात माझ्या पायाचा काही संबंधच नव्हता. तेव्हापासून धार लावून घेतली की दुकानातच नाणं ठेवून बघते. दुकानदारांना ते फारसं आवडत नाही.

पन्हळ किती खोल हवी हाही एक विषय आहे. तिच्या वर्तुळाची त्रिज्या सांगतात: अर्धा इंच, पाच अष्टमांश इंच वगैरे. त्रिज्या लहान तितकी पन्हळ खोल, धार तितकी जास्त रुतते आणि थांबताना तितकीच जास्त अडकते. वजनदार माणूस तसाही बर्फात रुततो, त्याला उथळ पुरते. हलक्या मुलांना खोल लागते. मी अर्ध्या इंचावर राहिले. बूट मात्र बदलले. पहिले बूट मी नेहमीच्या मापाचे घेतले होते, आणि हॉकीचे बूट नेहमीच्या मापापेक्षा एक-दीड नंबर लहान घ्यायचे असतात. सैल बुटात घोटा आतल्या बाजूला कोसळतो, म्हणजे नेमका नको तिकडे. आणि नाडी अगदी वरच्या भोकापर्यंत आवळायची नाही, वरचं एक भोक सोडलं की घोटा पुढे वाकायला मोकळा राहतो. ही एवढीशी गोष्ट, पण तिनं गुडघा वाकायला लागला.

डावा पाय जमला, आता उजवा आपोआप जमेल असं वाटलं होतं. उजवीकडच्या वर्तुळावर गेले तर पहिल्या दिवसासारखी अवस्था. याचं कारण पब्लिक स्केटिंग. आमच्या इथे सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात, सतत डावीकडे वळत. तेवढ्यानं डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेला थोडाफार सराव होतो, उजव्याच्या वाट्याला काहीच येत नाही. क्वचित एखादा कर्मचारी मधेच दिशा बदलायला लावतो तेव्हा अर्धा रिंक गोंधळतो. मला मात्र तो माणूस आवडायला लागला. मी वर्गात प्रत्येक सराव उजवीकडून सुरू करायला लागले. ताजे पाय आधी उजव्या वर्तुळाला.

क्रॉसओव्हर, म्हणजे पायावरून पाय टाकत वळणं, आम्हाला वेगळा शिकवावा लागला नाही, निदान डावीकडे तरी. कोचनं एका सत्रात फक्त एवढंच सांगितलं की उजवा पाय उचलून धरून ठेव, आणि आता डावीकडे इतकी कल की पडणार असं वाटेल. वाटलं. आणि पडू नये म्हणून उजवा पाय एकाच जागी जाऊ शकत होता: डाव्याच्या पुढून, वर्तुळाच्या आत. तो गेला. त्या क्षणी डावा पाय उजव्याच्या मागे अडकलेला, बाहेरच्या धारेवर, आणि तिथून बाहेर निघायचं तर तो बाजूला रेटावाच लागतो. रेटला आणि वेग वाढला. पाय पायावर टाकायची कसरत म्हणून मी ज्याला वर्षभर घाबरत होते, ते मुळात पडण्यातून सावरणंच होतं, फक्त पुन्हा पुन्हा केलेलं. एनएचएलमधल्या कॉनर मॅकडेव्हिडला रिंकच्या मधल्या भागातून सुसाट येताना बघा; वरचा पाय सगळ्यांना दिसतो, खालच्या पायाचा रेटा बघायचा असतो. मी घरी ते व्हिडिओ हळू करून बघते. मुलगा म्हणतो, आई, गोल बघ ना.

आवाजानंही कळतं. धार नीट रुतलेली असली की कापड फाडावं तसा कोरडा आवाज येतो. सपाट पात्याचा आवाज खरखरीत. रिंकच्या बाकावर डोळे मिटून बसले तरी आता मला सांगता येतं की मुलांपैकी कोण कशावर चाललंय. पहाटेचा तो वेळ त्यामुळे बरा जातो.

अरुंद वळणं, म्हणजे टाइट टर्न, यातूनच सोपी झाली. आतला पाय पुढे, बाहेरच्या धारेवर, दुसरा मागे आतल्या धारेवर, खुबा आत. दोन्ही पायांनी करायचं असल्यानं भीती कमी असते. हॉकी स्टॉपमध्येही, म्हणजे दोन्ही पाती आडवी करून झटकन थांबताना, मागचा पाय बाहेरच्याच धारेवर असतो, हे मला आधी माहीतच नव्हतं; मी एकाच पायावर थांबत होते.

उलटं जाताना बाहेरची धार अजून येत नाही. तिथे नजर खांद्यावरून मागे टाकावी लागते आणि खुबा अशा दिशेला टाकायचा असतो जी दिसतच नाही. कठड्याशी जमतं, वर्तुळावर नाही. आणि आता स्टिक हातात परत आली आहे. नुसतं फिरताना एकेरी रेघ उमटते; पण पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आला की मान खाली, मानेबरोबर खांदा, आणि मागे वळून बघितलं तर बर्फावर पुन्हा दोन रेघा. कोचनं परवा मला फेस-ऑफच्या वर्तुळावर पकसकट उभं केलं आणि म्हणाला, उजवीकडून सुरू कर.